पाणी पिणारी नाव

सोमवारी सकाळी साडेसातला वकील दात घासत मागच्या अंगणात आले, तेव्हा मधल्या भिंतीपलीकडे घड्याळजी आपल्या नावेत नळीनं पाणी भरत होते.

वकील ब्रश तोंडात धरून पाहत राहिले. पंधरा फुटी लाकडी नाव चार ठोकळ्यांवर उभी होती, तिच्यात नळी सोडलेली होती आणि घड्याळजी हात पाठीमागे बांधून बारकाईनं आत बघत होते.

वकिलांनी चूळ भरली. "धुताय का?"

"नाही. भरतोय."

"नावेत?"

"हो."

"पाणी?"

"हो."

एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून समोरच्याला गोंधळात पाडायची वकिलांची तीस वर्षांची सवय. आज पहिल्यांदाच ते स्वतः गोंधळात पडले. "घड्याळजी," ते जपून म्हणाले, "माझ्या समजुतीप्रमाणे नाव पाण्यात असते. पाणी नावेत नसतं."

"तुमची समजूत बरोबर आहे," घड्याळजी म्हणाले. "पण सध्या ती पितेय."

वकील आत गेले आणि बायकोला म्हणाले, "शेजारी आज जरा लक्ष ठेव."

घड्याळजींचं डोकं ठिकाणावर होतं. चाळीस वर्षं त्यांनी बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त केली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं, आणि नजर कमी झाली असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे नजर उत्तम होती. उजवा हात थरथरायला लागला होता. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चिमट्यात धरला की चिमटाच नाचायचा. हे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. ती प्रसूतिगृहात परिचारिका होती, निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. नवऱ्याचा चहाचा कप बशीवर वाजतो हे तिनं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला बशी देत नव्हती.

नाव भेटली ती गावाबाहेरच्या तलावाकाठी. तिथल्या नौका क्लबचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून घड्याळजींना बोलावलं होतं. घड्याळ पाच मिनिटांत चालू झालं. मग ते मागच्या बाजूला हात धुवायला गेले, तर तिथे ही नाव पालथी पडलेली, आणि तिच्याखाली कोंबड्या.

"ही का चालत नाही?" त्यांनी तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं.

"मोडकी आहे."

"काय मोडलंय?"

"ते कोण बघणार? तुम्हाला हवी तर घेऊन जा. कोंबड्या मात्र आमच्या."

का चालत नाही, हे कळल्याशिवाय कुठलीही वस्तू सोडायची घड्याळजींना सवय नव्हती. आठवड्याभरानं ट्रक आला, आठ माणसांनी नाव फाटकातून आत घेतली, आणि सिस्टर दारात उभी राहून म्हणाली, "दुरुस्तीला आलीय ना? मग कुणाची आहे? न्यायला कधी येणार?"

"आपलीच आहे," घड्याळजी म्हणाले.

पुढचे अकरा महिने त्यांनी त्या नावेवर काम केलं. घड्याळाच्या चालीनंच केलं म्हणा ना. जुना रंग त्यांनी डोळ्याला भिंग लावून खरवडला. निघालेला एकेक खिळा नंबर घालून औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवला. कुजलेल्या सहा फळ्या बदलल्या, आतल्या चार फासळ्या नव्या बसवल्या. आणि एके दिवशी, दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाचा पीळ हातोडीनं ठासताना, त्यांच्या लक्षात आलं की दुपारपासून आपण हाताकडे पाहिलेलंच नाही. चिमट्याला कंप चालत नाही. हातोडीला चालतो. ते खाली बसून पुष्कळ वेळ हातोडीकडे बघत राहिले.

सिस्टर चहा घेऊन आली. तिनं एका सांध्यावरून बोट फिरवलं. "कापूस छान भरलाय. आमच्याकडच्या नवख्या पोरींना इतकं येत नाही," ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. आज कपाखाली बशी होती.

सगळं झालं, लांबी भरली, रंग दिला, आणि घड्याळजींनी परीक्षा म्हणून नावेत एक तांब्या पाणी ओतलं. ते पाणी तांब्या खाली ठेवायच्या आत जमिनीवर होतं.

तेव्हा त्यांनी क्लबमधून म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावून आणलं. चाळीस वर्षं तलावावरच्या नावा बांधणारा माणूस. त्याला कमी ऐकू यायचं, आणि तो बोलायचाही कमी. मिस्त्रींनी नावेभोवती एक फेरी मारली, दोनदा टिचकी वाजवली आणि म्हणाले, "काम चोख आहे."

"पण गळतेय!" घड्याळजी त्यांच्या कानाशी ओरडले.

"गळणारच. तीन वर्षं कोरडी होती. लाकूड आकसलंय. तहानलंय. पाणी पाजा."

"किती?"

"पिईल तितकं. काठोकाठ भरायची. गळालं की परत भरायची. पिऊन फळी फुगते, फुगली की सांधा मिटतो."

"किती दिवस?"

मिस्त्रींनी आकाशाकडे पाहिलं. "ती सांगेल," ते म्हणाले आणि निघून गेले.

असा तो सोमवार उजाडला होता.

नऊ वाजेपर्यंत नाव अर्धी भरली आणि चहूबाजूंनी गळू लागली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. घड्याळजींनी खडू आणला. जिथे थेंब, तिथे खूण आणि नंबर. एकूण त्रेसष्ट गळत्या निघाल्या. मग ते स्टुलावर बसले आणि हातात घड्याळ धरून प्रत्येक गळतीचे मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायला लागले. तेवीस नंबरशी आले तेव्हा सिस्टर मागे उभी होती.

"लिहून ठेवताय का?"

"लक्षात राहतं."

"असं चालत नाही," ती म्हणाली. तिनं आतून जाड पुठ्ठा आणला, त्यावर कागद लावला, रकाने आखले आणि तो नावेच्या टोकाला दोरीनं टांगला. वर लिहिलं, 'पेशंटचं नाव: नाव. तक्रार: गळती.' खाली सकाळ, दुपार, संध्याकाळ. "आता सांगा. एक नंबर?"

"चाळीस."

"नियमित, की मधेच थांबून?"

घड्याळजींनी बायकोकडे नव्या आदरानं पाहिलं. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

मंगळवारी त्रेसष्टच्या एक्कावन्न झाल्या. बुधवारी चव्वेचाळीस. आणि बुधवारीच वकिलांची नोटीस आली. दोन अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून त्यांनी ती स्वतःच दिली.

"घड्याळजी, हे वैयक्तिक घेऊ नका. माझ्या भिंतीच्या कडेला चिखल झालाय. माझे गुलाब कुजतायत. शिवाय कायद्याच्या दृष्टीनं ही आता नाव राहिलेली नाही. ज्यात पाणी साठवतात ती टाकी. टाकीला परवानगी लागते."

"गळणारी टाकी चालते का?" सिस्टरनं विचारलं.

"वहिनी, तो मुद्दा मी पाहून सांगतो," वकील म्हणाले. मग मान लांब करून त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. "सतरा नंबरला काय झालंय? सगळे कमी होतायत, आणि तो वाढतोय?"

"तेच कळत नाहीये," घड्याळजी म्हणाले.

"चमत्कारिक आहे," वकील म्हणाले आणि नोटीस द्यायला आले असूनही पंधरा मिनिटं सतरा नंबरबद्दल बोलत राहिले.

खरी पंचाईत गुरुवारी आली. गल्लीच्या टोकाच्या घरांना पाणी चढत नाही, ही तक्रार सात महिने जुनी होती. या आठवड्यात तिथे नळातून नुसती हवा यायला लागली. लोक पाणीखात्यात जाऊन ओरडले, आणि खात्यानं आपला सगळ्यात कडक निरीक्षक पाठवला. तो सिस्टरचा सख्खा धाकटा भाऊ होता.

मेहुण्याकडे हातभर लांब लोखंडी कांडी होती. तिचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली कुठे पाणी झिरपतंय ते ऐकायचं. तो गल्लीभर ऐकत ऐकत आला आणि बहिणीच्या फाटकासमोर थांबला.

"ताई, फुटलंय ते इथेच," तो उत्साहानं म्हणाला. "गेल्या खेपेला हा आवाज नव्हता. उद्या खणतो."

सिस्टरनं मागचं दार लावून घेतलं. घड्याळजी आत येऊन हळूच म्हणाले, "सांगून टाकू या का?"

"किती राहिल्यात?"

"एकतीस."

सिस्टरनं विचार केला. एकीकडे पाठचा भाऊ, दुसरीकडे एकतीस. "नळी बारीक सोडा," ती म्हणाली. "अजून दोन दिवस बघू."

दोन दिवस चार मजूर फाटकासमोर खणत होते. चर गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, छातीइतका खोल झाला. मोठी लाईन सापडली. ती ठणठणीत होती. मेहुणा घामाघूम होऊन चहाला आत यायचा आणि बशीत ओतता ओतता मधेच थांबायचा.

"ताई, मागे कसला आवाज येतोय?"

"कसला?"

"टप टप."

"भांडी घासून पालथी घातलीत. निथळतायत."

"कालपासून?"

"मोठी भांडी आहेत," सिस्टर म्हणाली.

शनिवारी दुपारी मेहुण्यानं सहज म्हणून कांडी स्वयंपाकघरातल्या फरशीला टेकवली. त्याचा चेहरा बदलला. तो कानाला कांडी लावून ओणव्यानंच मागच्या दारापर्यंत गेला. "दाजी! तुमच्या घराखाली सगळी लाईन फुटलीय! बाहेर पडा आधी!" असं ओरडून त्यानं दार उघडलं.

समोर काठोकाठ भरलेली नाव होती. तिच्याखाली तीन बादल्या, दोन पराती आणि एक टब होता. एका बाजूला घड्याळजी हातात घड्याळ घेऊन बसले होते, दुसऱ्या बाजूला भिंतीवर कोपरं टेकून वकील.

"शू," वकील म्हणाले. "अठ्ठावीस, एकोणतीस... मध्ये बोलू नका."

मेहुण्यानं आळीपाळीनं नावेकडे, नळीकडे आणि बहिणीकडे पाहिलं. "ताई," तो अखेर म्हणाला, "मी दोन दिवस रस्ता खणतोय."

"अरे, आम्हाला वाईट वाटत होतं."

"वाईट? वरिष्ठांना काय सांगू? मुख्य गळती माझ्या बहिणीच्या परातीत आहे म्हणून? बंद करा ती नळी. आत्ताच्या आत्ता!"

घड्याळजींनी निमूटपणे नळ बंद केला. मेहुणा तणतणत परत निघाला. पुठ्ठ्यासमोरून जाताना त्याचं पाऊल अडलं. त्यानं सोमवारपासूनचे आकडे वरून खाली वाचले. मग खालून वर वाचले.

"हे आपोआप मिटतायत?"

"लाकूड पितंय," घड्याळजी म्हणाले.

"आम्ही बावीस वर्षं गळत्या खणून काढतो. एकही कधी आपणहून मिटली नाही." त्यानं वाकून सतरा नंबरला कांडी लावली, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. "हा सांध्यातून येत नाहीये. आवाज पोकळ आहे. इथे फळीत चीर असणार."

चीर होती. केसाएवढी, रंगाखाली दडलेली. घड्याळजींनी तिच्यात कापसाचा पीळ ठासला, वर लांबी भरली, आणि सतरा नंबर तासाभरात मिनिटाला दोन थेंबांवर आला. त्यानंतर मेहुणा घरी गेलाच नाही. नळाचं पाणी घ्यायचं नाही, एवढं मात्र त्यानं बजावलं. म्हणून मग बादल्यांत पडलेलंच पाणी तिघं पुरुष आळीपाळीनं परत नावेत ओतत राहिले. निरीक्षक, वकील आणि घड्याळजी. सिस्टर आकडे लिहीत होती आणि कुणाची बादली हिंदकळली तर ओरडत होती.

रविवारी सकाळी नऊला शेवटचा थेंब पडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नाव गच्च भरलेली होती आणि तळ कोरडा. वकील हळूच म्हणाले, "मी नोटीस मागे घेतो."

मिस्त्रींना निरोप गेला. ते ट्रक घेऊनच आले. "आता उन्हात ठेवू नका, परत आकसेल," ते म्हणाले. "उपसा आणि आजच तलावात घाला." नाव उपसली, आठ माणसं जमवली आणि फाटकापर्यंत नेली.

फाटकासमोर चर होता.

सगळ्यांनी चराकडे पाहिलं आणि मग मेहुण्याकडे.

"बुजवायचा मजूर उद्या," मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला. "मंजुरी आली तर. नाहीतर तीन आठवडे."

"ऊन चढतंय," मिस्त्री म्हणाले.

दुसरी वाट एकच होती. वकिलांच्या अंगणाचं फाटक मागच्या रस्त्याला उघडत होतं. मध्ये तेवढी भिंत. सगळे वकिलांकडे बघत होते, आणि वकील नावेकडे. "पाडा," ते म्हणाले. "पण पहिल्या फेरीत मी बसणार. हे लेखी द्या."

सिस्टरनं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूवर लेखी दिलं. मिस्त्रींच्या घणाचे चार घाव पडले आणि भिंत गेली. पायाचा दगड उलथला, तसं खालून पाणी उसळलं. जाड धार, गुडघाभर उंच.

मेहुणा धावला. त्यानं हातानं माती सारली. खाली गंजलेली एक पाईप होती, तिचा सांधा पार फुटलेला. ती भिंतीच्या कडेनं वकिलांच्या गुलाबांकडे जात होती.

"सात महिने," मेहुणा म्हणाला. "सात महिने मी ही शोधतोय." मग उठून उभा राहिला. "वकीलसाहेब, ही जोडणी कुणाची?"

वकिलांनी घसा साफ केला. "वडिलांच्या काळातली असावी."

"परवानगी?"

"तो मुद्दा मी पाहून सांगतो."

घड्याळजी हातातलं घड्याळ खाली करून म्हणाले, "म्हणजे गुलाबांचा चिखल आमचा नव्हता?"

"टोकाच्या घरांचं पाणीही तुमच्यामुळे गेलं नव्हतं, दाजी," मेहुणा म्हणाला. "नळीनं थोडा हातभार लावला, एवढंच." त्यानं पाईपचा कॉक शोधून बंद केला आणि बाह्या वर सारल्या. "आता उचला. गुन्हा उद्या दाखल करू."

दुपारी अडीचला नाव तलावात उतरली. ती थोडी डुलली, मग स्थिर झाली. घड्याळजी आत पालथे झोपले आणि तळावरून हात फिरवत गेले. हात कोरडा राहिला. सिस्टर, वकील आणि मेहुणा चढले. मिस्त्रींनी डोलकाठी उभी केली, शिडाचा दोर घड्याळजींच्या हातात दिला. "ओढला की वर. सोडला की खाली."

"तुम्ही या ना बरोबर!"

"मी?" मिस्त्री दोन पावलं मागे सरले. "मी कधी नावेत बसलो नाही. पोटात ढवळतं." आणि त्यांनी नाव ढकलून दिली.

शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, आणि नाव निघाली. इतकी सरळ, इतकी हलकी की मागे वळून बघायचंही कुणाला सुचलं नाही. वकील टोकाला बसून न्यायाधीशासारखे दिसत होते. अर्धा तलाव मागे पडल्यावर सिस्टरनं विचारलं, "वळवायची कशी?"

घड्याळजींनी सुकाणू डावीकडे केलं. शीड फडफडलं, नाव थांबली, मागे सरकली. सुकाणू सरळ केलं, नाव पुन्हा त्याच दिशेला निघाली. चौघांनी काठाकडे वळून हाका मारल्या. मिस्त्रींनी कानामागे हात धरला, मग आनंदानं हात हलवला.

नाव पलीकडच्या काठाला लागली. चौघं उतरले, नाव झाडाला बांधली आणि बसनं घरी आले.

ही गोष्ट झाली त्याला दोन महिने होत आले. चर बुजला, पाईप बदलली, वकिलांनी दंड भरला. भिंत कुणी परत बांधली नाही. नाव मात्र पलीकडेच आहे. वारा नेहमी त्या पलीकडच्या काठाकडेच वाहतो. दुसऱ्या नावेला बांधून ओढून आणता आली असती, पण ती का येत नाही हे कळल्याशिवाय आणायची नाही, असं घड्याळजींनी ठरवलंय. त्यामुळे दर रविवारी सकाळी चौघं बसनं जातात, नावेत बसतात, शीड इकडे तिकडे वळवून बघतात, आणि संध्याकाळी बसनं परत येतात.

परवा कंडक्टरला राहवलं नाही. "तुमची नाव आहे ना? मग दर वेळी बसनं कशाला?"

"नाव तिकडे आहे," सिस्टर म्हणाली.

"मग तिकडून नावेनं या."

"वारा उलटा आहे," मेहुण्यानं समजावलं.

कंडक्टरनं त्यावर थोडा विचार केला. "नेहमीसारखीच द्यायची का? चार, जाऊन येऊन?"

घड्याळजींनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे आज दुसऱ्याच बाजूला झुकले होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणाले, "आज फक्त जायची द्या."

सिस्टरनं त्यांच्या खांद्यावरून बाहेर डोकावलं आणि मान डोलावली. मेहुणाही खिडकीशी सरकला.

वकिलांनीही शेंड्यांकडे नीट पाहिलं, आणि आपल्यापुरतं परतीचं तिकीट काढून घेतलं.